तिसऱ्या वळणावर कोण उभं राहणार?

६ एप्रिल १९९७

ती. व्हर्लिनकाकांना मार्लाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि लव्हॉनकाकूकडे निरोप दिला तर ती त्यात स्वतःचा मीठमसाला घालते, म्हणून पत्रच लिहिते. काका, मला गाडी मिळाली! मे महिन्यातली मोठी शर्यत! केसांच्या रंगाची एक कंपनी सगळा खर्च उचलते आहे. गाडी जांभळी, हेल्मेट जांभळं, हातमोजे जांभळे. आधी कोणीतरी हिरवा रंग सुचवला होता. आमचे म्हातारे मेकॅनिक असे दचकले, जणू अंगावर पाल पडली. हिरवी गाडी आणि गॅरेजमध्ये शेंगदाणे, दोन्हींना अपशकुन म्हणून इथे अजून बंदी आहे. तुमच्या वेळेसारखंच.

पेपरवाले रोज तेच विचारतात, की प्रायोजकांच्या पैशावर आलेल्या मुली या शर्यतीला तयार आहेत का. मी हसून सांगते, नवख्यांच्या परीक्षेत कळेलच. चार वळणांवर चार जुने ड्रायव्हर उभे राहणार, एकानेही नाही म्हटलं की नापास. तिसरं वळण यंदाही तुमचं आहे असं ऐकलं. पुतणी म्हणून सूट देऊ नका. पण बाबा गेल्यावर मला गाडीत बसवलंत ते तुम्हीच, तेव्हा आशीर्वाद मात्र द्या.

काकूला नमस्कार. तुमची माया आहेच, ती वाढत राहो.

तुमची,
मार्ला

*

टेर हाउट,
१४ एप्रिल १९९७

चि. मार्लाला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूने आधी वाचलं, मग रडली, मग फ्रीझरमधला पर्सिमनच्या फळांचा उरलेला गर काढून पुडिंग केलं. अर्धं मी खाल्लं. शेजारच्या दोन घरांना बातमी देऊन झाली आहे. तिसऱ्यांशी भांडण आहे, तरी तिथेही पोचलीच.

आता माझं ऐक. तू तयार नाहीस. मुलगी आहेस म्हणून नाही, केसांच्या रंगाचे पैसे आहेत म्हणूनही नाही. पैसे कोणाचे ते गाडीला कळत नाही. तुझे हात अजून मातीच्या ट्रॅकचे आहेत. मातीवर, डावीकडच्या वळणात, गाडीची शेपूट घसरली की आपण स्टिअरिंग उजवीकडे वळवून तिला सावरतो. ते मीच तुझ्या हातांत मुरवलं. मोठ्या ट्रॅकच्या डांबरावर, त्या वेगाला, तसं सावरायला गेलीस की टायर एकदम पकड घेतात आणि गाडी सरळ नाकावर भिंतीत जाते. तिथे सावरायचं नसतं. गाडी फिरते आहे तर फिरू द्यायची. हे डोक्याला एका दिवसात कळतं, हातांना कळायला वर्ष जातं. अजून एक वर्ष खालच्या श्रेणीतल्या, कमी वेगाच्या गाड्यांत काढ. कंपनीला सांग, थांबा.

नाही थांबलीस, तर मी वळणावर उभा असेन आणि फक्त तुझे हात बघेन. मग रागावू नकोस.

काकू म्हणते, दोन घास जास्त खात जा. घरची आठवण ठेव.

तुझा,
व्हर्लिनकाका

*

९ मे १९९७

ती. काकांना नमस्कार.

तिघांनी हो म्हटलं. तुम्ही नाही म्हटलंत.

तिसऱ्या वळणात शेपूट जराशी घसरली आणि माझे हात उजवीकडे गेले, हे मला तुमच्याआधी कळलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कंपनीच्या बाई आल्या आणि म्हणाल्या की जाहिराती मे महिन्यासाठी छापून झाल्यात, नापास झालेल्यांची शरद ऋतूत पुन्हा परीक्षा होते, ती त्यांच्या कामाची नाही. संघाने गाडी दुपारीच ट्रॉय लुडविगला दिली. त्याच्या वडिलांच्या खडीच्या खाणी आहेत. माझ्या अंगाच्या मापाने ओतलेली सीट काढून त्यांनी गॅरेजमागे टाकली. मी ती उचलून खोलीवर आणली आहे, कशाला ते मलाच ठाऊक नाही.

आणि काका, दुसऱ्या दिवशी ट्रॉयची परीक्षा मी कुंपणापलीकडून पाहिली. तोही मातीवरचाच, तिसऱ्या वळणात त्याचीही शेपूट घसरली आणि त्याचेही हात उजवीकडे गेले. माझ्यापेक्षा जास्त. तुम्ही तिथे उभे होतात. तुम्ही त्याला पास केलंत.

मला कंपनी पैसे देते तर पेपरात येतं, मुलगी तयार आहे का. त्याला बाप पैसे देतो तर येतं, घराण्याचा वारस. ते पेपरवाल्यांचं झालं. तुम्ही कुठले पेपरवाले? मी तुमच्याजवळ शिकले. निदान कारण तरी कळवा.

मार्ला

*

टेर हाउट,
१५ मे १९९७

चि. मार्लाला आशीर्वाद.

दोन कागद फाडले, हा तिसरा. तू बरोबर पाहिलंस. त्याचे हात गेले. मी मनात म्हटलं, पोरगा आहे, तरणाबांड आहे, शिकेल. बाकी तिघे हसत मान हलवत होते, त्याचा बाप तिथेच हात जोडल्यासारखा उभा होता, आणि आदल्याच दिवशी तुला नापास केल्यामुळे माझ्या अंगात पुन्हा वाईट व्हायची ताकद नव्हती.

तुझ्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर तुझी आई होती. तुला काही झालं तर तिला काय सांगू, एवढंच. ट्रॉयच्या वेळी त्याच्या आईचा विचार माझ्या मनातही आला नाही. हे लिहिताना कळतंय. तुला कारण हवं होतं, ते एवढंच आहे, आणि चांगलं नाही.

शर्यतीआधी मी त्याला गाठून हातांबद्दल बोलेन. तू घरी ये. काकू वाट बघते. राग धर, पण घर सोडू नकोस.

व्हर्लिनकाका

*

१ जून १९९७

ती. काकांना मार्लाचा नमस्कार.

तुम्ही शर्यतीनंतर कोणाशी न बोलता निघून गेलात असं कळलं, म्हणून लिहिते. मी तिथेच होते. कराराप्रमाणे कंपनीने मला जांभळी टोपी घालून पाहुण्यांच्या तंबूत उभं केलं होतं. गाडी भिंतीत गेली तेव्हा मी कुणाला तरी केसांचा रंग किती दिवस टिकतो ते सांगत होते.

तिसरं वळणच. शेपूट घसरली, त्याने सावरली, आणि गाडी नाकावर गेली. मोठ्या पडद्यावर त्यांनी ते पुन्हा दाखवलं नाही, त्यावरून सगळ्यांना कळलं.

ट्रॉयच्या आईजवळ कोणी नव्हतं म्हणून मी जाऊन बसले. तिने विचारलं, तू तीच ना, जिला नापास केलं? मी हो म्हटलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, देवाने तुला वाचवलं गं बाई. काका, तिला तुमचं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

तंबूत परत आले तर एक गृहस्थ म्हणत होता, नशीब, गाडीत पोरगी नव्हती, नाहीतर कंपनीची काय अब्रू राहिली असती. पेपरात आज छापून आलं आहे की तो शूर होता. तयार होता का, असं कुणीच विचारलेलं नाही.

तुम्ही त्याच्याशी बोललात का? एवढंच कळवा.

मार्ला

*

टेर हाउट,
२० जून १९९७

चि. मार्लाला आशीर्वाद.

बोललो होतो, गॅरेजच्या दारात. तो गोड हसला आणि म्हणाला, पण तुम्ही तर मला पास केलंत ना, मिस्टर हॉस्टेटलर.

वळणावर उभं राहायचं काम मी सोडलं. तसं कळवून टाकलं आहे. माझ्या हो-नाहीला आता काही किंमत उरलेली नाही. काकू जेवायला वाढते, मी ताट पुढे सरकवतो, ती परत ओढते. बाकी ठीक.

लोभ ठेव, मला त्याची गरज आहे.

व्हर्लिनकाका

*

२८ सप्टेंबर १९९७

ती. व्हर्लिनकाकांना मार्लाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला न सांगता मी परवा पुन्हा परीक्षा दिली. कंपनीच्या बाईंचा फोन आला होता. ट्रॉयनंतर लोकांची सहानुभूती आहे, असं त्या म्हणाल्या. हाच शब्द वापरला त्यांनी. पुढच्या मे महिन्यासाठी तोच संघ, दुसरी गाडी. या खेपेला जांभळा जरा गडद.

चारही वळणांवर माणसं होती. तुमच्या जागी कोणी नवा होता, टोपी मागे सरकवून उभा. मी उन्हाळाभर खालच्या गाड्या चालवल्या, रोज, हात दुखेपर्यंत. वेग चांगला लागला. शेवटच्या फेऱ्यांत तिसऱ्या वळणात वारा आडवा आला आणि शेपूट घसरली. काका, माझे हात उजवीकडे गेले. थोडेच, पण गेले. मागच्याइतके नाही, पण सवय तीच, ट्रॉयचीही तीच होती. टायरांनी पकड उशिरा घेतली म्हणून मी हे लिहिते आहे.

गाडीतून उतरले तर टाळ्या. चौघांनीही हो म्हटलं. तिसऱ्या वळणावरचा तो नवा माणूस माझा हात हातात घेऊन म्हणाला, गेल्या वेळी तुझ्यावर अन्याय झाला, पोरी. कंपनीने फोटो काढले. मी हसले, फोटोत दिसेल तुम्हाला. मग खोलीवर आले, दार लावलं आणि त्या जुन्या सीटवर रात्र होईपर्यंत बसून राहिले.

मे महिन्यात मी भीतीपोटी नापास झाले, आता दयेपोटी पास झाले. मी तयार आहे का, ते अजून कोणीच पाहिलेलं नाही. मुलगी म्हणून पाहिलं, पुतणी म्हणून पाहिलं, आता बिचारी म्हणूनही पाहून झालं. आणि कंपनीला मी नाही म्हटलं, तर लगेच उद्या दुसरी कोणी मुलगी येईल, तिच्याकडेही असंच बघतील.

संघ मार्चमध्ये ट्रॅकवर सराव ठेवणार आहे. तेव्हा तुम्ही या. पंच म्हणून नको, कुणाला कळवू नका, कुंपणाशी उभे राहा. फक्त माझे हात बघा, आणि तुम्ही ट्रॉयच्या आईसमोर बसला आहात असं समजून मला सांगा. नाही म्हणालात तर मी कंपनीला त्याच दिवशी नाही कळवते. तुमच्या हो-नाहीला किंमत उरली नाही म्हणता, पण काका, मला नापास करू शकेल असं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

काकूला आणा. वाट पाहते.

तुमचीच,
मार्ला