आवळा औषध आहे, असं मी म्हणाले

बोरी, १२ जानेवारी १९८८

माझ्या एका शब्दापायी धाकट्या जावेने, कुसुमने, डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्या, म्हणून लिहिते आहे. तिचं शरीर स्वतःच्याच नसा-स्नायूंवर उलटलंय. आवळ्याने शरीराची झीज कमी होते असं कुठेसं वाचून मीच म्हणाले होते, "आवळा औषधच आहे."

आज तिची डावी पापणी पुरती मिटलेली. घास गिळवेना.

"गोळ्या?"

"आक्का, तुमीच म्हणलं ना, आवळा औषध हाय. दोन औषधं एका पोटात कशी घालू?"

तिचं काय चुकलं? वैद्याचं चालू असताना डॉक्टरचं बंद, हीच इथली रीत.

तशीच तिला जिंतूरच्या दवाखान्यात नेली. चूक माझी, हे डॉक्टरांना मीच सांगितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या. संध्याकाळी पापणी अर्धी उघडली.

कुसुमच्या हातात गोळ्यांची बाटली दिली. आवळे सासूबाईंकडे, लोणच्याला.