भिंतीची माती खाणाऱ्या लेकी

प्रिय माय,

तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, आणि मी आज तुला लिहायला बसले! काय करू? माझी गंगू भिंतीची माती खाताना सापडली. अकरा वर्षांची पोर, ओठ पांढरेफटक. विहिरीवरून घागर आणली की धापा टाकते.

आपली धाकटी सखूही लहानपणी अशीच माती खायची ना? आसेगावच्या वैद्यबुवांनी तिची पापणी ओढून पाहिली होती. "रगत नाही पोरीत. मंडुराचं, म्हंजे लोखंडाच्या किटाचं भस्म ताकातून दे. तीळगूळ दे, तांदुळजाची भाजी लोखंडी कढईत कर. दूध तं रोजच पाज."

आजी भडकलीच. "पोरीच्या जातीले दूध कायले? ताडावानी वाढली तं लगन लवकर करा लागीन!"

तू उलट बोलली नाहीस. सगळ्यांमागून आपण जेवायला बसलो की तुझ्या वाट्याचं दूध, वरण सखूच्या ताटात जायचं. मी विचारलं तर म्हणायचीस, "मले भूक नाही वं."

पोटुशी बाई, आणि भूक नाही?

सखू सुधारली. ओठांना रंग चढला, पळायला लागली. आणि तू बाळंतपणात गेलीस! सुईण बाहेर येऊन म्हणाली, "तिच्यातच रगत उरलं नोतं." माय, अख्ख्या घराला रांधून स्वतःपुरती भाकर मागता आली नाही तुला? सखू अजूनही विचारते, "बाई, माय माह्यापायी गेली का वं?" तिला काय सांगू?

गंगूला मी तेच औषध सुरू केलंय. माझ्या सासूबाईही आजीसारख्याच बोलतात. मीही माझा घास तिला देत होते. मलाही दिवस गेलेत, माय. परवा चुलीपुढे घेरी येऊन पडले. गंगू किंचाळली, तिचा तो आवाज कानातून जात नाही.

त्याच दुपारी ह्यांना म्हटलं, "आजपासून आमी दोघी तुमच्यासंगच जेवू. दूधही सगळ्यांत वाटू."

ह्यांनी पुढचा घास घेतला. सासूबाई ताटावरून उठून गेल्या. मी जेवले. गंगूच्या वाटीइतकंच दूध माझ्याही वाटीत घेतलं.

गंगूचे ओठ अजून पांढरेच आहेत. माती सुटली नाही. भीती वाटते गं. पण एक शब्द देते तुला: हिच्यासाठी मी उपाशी मरणार नाही. हिला मोठी करीन, आणि हिच्या बाळंतपणाला हिची माय उशाशी असेल.

तुझी थोरली,
कौसा