सध्या अकुरेरीत

१ सप्टेंबर
आजपासून आत्मचरित्र. पोस्टातून रिटायर झाले, आता सबब नाही. आइसलँडमध्ये जो तो पोटात पुस्तक घेऊन हिंडतो. माझं बाहेर यायची वेळ झाली. नाताळला इथे सगळे एकमेकांना नवी पुस्तकं देतात, त्यांत यायला हवं, म्हणजे ऑक्टोबरअखेर पूर्ण. रोज चार पानं. सहज जमेल. आमच्या हुसाविकमधल्या निम्म्या मेलेल्यांवर पेपरात मृत्युलेख मीच लिहिलेत. गावात कोणी गेलं की लोक आधी पाद्रीबाईंना फोन करतात, मग मला.

२ सप्टेंबर
प्रकरण पहिलं, बालपण. तीन ओळींत आटोपलं.
प्रकरण दुसरं, एगिल. अकरा पानं.
एगिल माझा नवरा. सध्या अकुरेरीत असतो, ब्रिंदिस म्हणून एक बाई आहे तिच्याकडे. एकोणीस वर्षं झाली. तिकडची हवा मानवते त्याला. कागदोपत्री घटस्फोट आहे, पण मी पोस्टात जन्म काढलाय, कागदाची किंमत मला कोणी सांगू नये.

९ सप्टेंबर
शेजारची रान्का आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. पोहण्याच्या तलावावरच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बसून तिला प्रकरण दुसरं तोंडपाठ ऐकवलं. म्हणाली, हा मृत्युलेखच वाटतोय, यातला माणूस फारच चांगला आहे. मी म्हटलं, एगिल जिवंत आहे. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय.
रान्काला साहित्यातलं कळत नाही.

२७ सप्टेंबर
तीन आठवडे एक ओळ नाही. आधी मेंढ्या डोंगरावरून खाली आणायला गावाबरोबर गेले, मग सर्दी, मग जॅम. उद्यापासून रोज आठ पानं.
टेबल खिडकीशी हलवलं. उजेडासाठी. तिथून अकुरेरीचा रस्ता दिसतो, तो भाग वेगळा.
योजना पक्की आहे. पुस्तक एगिलला पाठवायचं. नाताळच्या आदल्या रात्री सगळे वाचतात, तोही वाचेल. रस्त्यावर बर्फ नसेल तर सकाळी तासाभरात इथे. वरची खोली आवरायला हवी.

१४ ऑक्टोबर
संध्याकाळी उनाचा फोन. आमची मुलगी. एगिल गेला. गाडीला हिवाळ्याचे टायर लावत होता, तिथेच बसला आणि उठला नाही.
मी बराच वेळ उभीच होते. बटाटे करपले.
उना रडत होती. तिला म्हटलं, पेपरातल्या मुख्य मृत्युलेखाची काळजी करू नकोस, मी आहे. ती म्हणाली, "आई, तो ब्रिंदिस लिहितेय."
ब्रिंदिसला लिहिता येतं हे मला नवीन आहे.

१७ ऑक्टोबर
मुख्य नाही तर नाही, जवळचे सगळेच लिहितात, तसा मीही एक लेख लिहिला. गेलेल्या माणसाशी बोलावं तसा लिहायचा असतो, ते मला अवघड नाही, त्याच्याशी मी रोजच बोलते. चौदा पानं. पेपरच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आला, एक पान चालेल म्हणाल्या.
आधी ब्रिंदिसला काढलं, हात शिवशिवतच होते. मग भांडणं. मग तो बॅग घेऊन निघाला ती सकाळ. मग 'का?' असं जिथे जिथे होतं ते सगळं. उरलं ते असं की प्रिय एगिल, तू कॉफी फार छान करायचास. खाली 'तुझी ओद्नी'.
छोटा, पण दमदार.

२४ ऑक्टोबर
आज अंत्यविधी, म्हणून लेखही आजच्या पेपरात. आधी ब्रिंदिस, मग उना, मग नातवंडं. मग त्याचं गायकमंडळ, मग ब्रिजचा क्लब. मग मी.
वर घरच्यांनी दिलेली त्याच्या आयुष्याची माहिती. 'एगिलचं पहिलं लग्न ओद्नीशी झालं. ते विभक्त झाले.' मग लगेच ब्रिंदिस, बाग, आणि सुखाची वर्षं. असली वाक्यं मी स्वतः कितीतरी लेखांत घातलीत. कधी हात अडखळला नाही.
चर्चमध्ये मागे बसले. नंतरच्या कॉफीला थांबले नाही. केक दिसायला बरे नव्हते.

२५ ऑक्टोबर
दुपारी रान्का आली. काळा ड्रेस, हातात थरांचा केक, चांगल्यातली प्लेट. मी विचारलं, हे काय, मयताला आल्यासारखी? ती बसली. म्हणाली, "तो तुला सोडून गेला, तेव्हाच यायला हवं होतं गं आम्ही. काय बोलायचं तेच कळेना, म्हणून कुणीच आलं नाही."
मी सांगायला लागले की तसं काही नव्हतं, तो फक्त सध्या... फार रडले. रान्काने कॉफी केली. वाईट झाली होती, पण दोन कप प्यायले.

२६ ऑक्टोबर
सकाळी लिहायला बसले. पहिलं वाक्य एका दमात आलं. 'मला नवऱ्याने सोडलं.' खोडावंसं वाटलं नाही.
दुसरं वाक्य दुपारपर्यंत आलं नाही. त्यानंतरच्या वर्षांतलं काय लिहायचं? काही घडलंच नव्हतं. मी वाट बघत होते.
यंदा पुस्तक नाही. वाचायला तोच तर हवा होता.