शाबिएरची रेघ

कडू तळं,
३ जून २०१८

ति. ओसाबा बिशेन्ते यांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. इथे फोन लागत नाही आणि लागला असता तरी तुम्ही ‘काय? काय?’ करून माझा घसा बसवला असता. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

आमचं शिबिर तळ्याच्या पश्चिम काठावरच्या जुन्या खोल्यांत आहे. निम्मे चित्रकार, निम्मे पाखरांचे आणि झाडपाल्याचे जाणकार. जुलैअखेरपर्यंत एकत्र राहायचं, एकत्र शिजवायचं, चित्रकारांनी पाखरं मोजायला शिकायचं आणि जाणकारांनी चित्रं काढायला. आमच्यातल्या पक्षितज्ज्ञाने काढलेली टिटवी हुबेहूब बटाट्यासारखी दिसत होती. मी हसले. मग त्याने माझी पाखरांची मोजणी तपासली आणि तो माझ्याहून जोरात हसला.

तळं मात्र बघवत नाही. लहानपणी मला खांद्यावर घेऊन तुम्ही जिथे गुडघाभर पाण्यात उभे राहायचात, तिथून आता पाणी म्हणजे लांबवर एक चकाकी दिसते, बस्स. मधे सगळी पांढरी, भेगाळलेली खारी माती. वारा सुटला की ती उडून जेवणात येते. पाण्यावर गिरक्या घेत किडे टिपणारी ती चिमुकली पाखरं यंदा फार थोडी आली आहेत.

शिबिराच्या प्रमुख हॉलिसबाई वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. पुढच्या आठवड्यात त्या आम्हाला तुमच्या वरच्या कुरणातल्या ॲस्पेनच्या राईत नेणार आहेत. स्पेनहून इथे अमेरिकेत आलेल्या आपल्या बास्क मेंढपाळांनी झाडांवर जे काही कोरून ठेवलंय, त्याचे ठसे घ्यायचे आहेत. बाबांनी तिथे काही कोरलं होतं का? आई कधी बोलली नाही. ते गेले तेव्हा मी तीन वर्षांची. मला त्यांचा म्हणून फक्त भिजलेल्या लोकरीचा वास आठवतो.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो इथल्या तळ्यासारखा आटू देऊ नका.

तुमची
एदुर्ने

१२ जून

चि. एदुर्ने हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. मी ठीक आहे. कान गेले, गुडघे चाललेत, पण पत्त्यांत, मुसच्या डावात, अजून सगळ्यांना लोळवतो. शिबिरात पाव कोण भाजतं? तू भाजलास तर पावाच्या पाठीवर सुरीने क्रूस काढ आणि पहिला तुकडा कुत्र्याला दे. आपल्यात तसंच करतात. कुत्रा नसेल तर त्या बटाटेवाल्याला दे.

तुझ्या बापाने, शाबिएरने, कोरलं होतं. झऱ्याच्या खालच्या अंगाला दुभंगलेला खडक आहे, त्याच्या शेजारचं झाड. काय कोरलंय ते सांगत नाही, तू जाऊन बघ. तू जन्मलीस त्या उन्हाळ्यातलं आहे.

एक सांगतो, म्हणजे बघताना कळेल. ॲस्पेनवर खोल कोरायचं नसतं. खोल कोरलं तर झाड मरतं. सुरीच्या टोकाने केसाएवढी रेघ ओढायची आणि निघून जायचं. त्या दिवशी काहीच दिसत नाही. मग झाड आपली जखम भरत जातं, रेघ काळी पडते, फुगते, आणि वर्षांनी चित्र उमटतं. बऱ्याच जणांना आपलं चित्र कसं झालं ते बघायलाही मिळालं नाही. शाबिएर कोरत होता तेव्हा मी त्याची टर उडवली. म्हटलं, अरे, मेंढ्या सोडून झाडाला काय गुदगुल्या करतोयस? तो म्हणाला, ही पोर मोठी झाली की दिसेल.

बरी राहा. पत्र टाकत जा, नाहीतर मला टपालवाल्याशी भांडायला कारण मिळतं.

तुझा ओसाबा (म्हणजे काका, हे बॉइसी शहरात वाढलेल्या पोरीला पुन्हा सांगून ठेवलेलं बरं)

२० जून

ति. ओसाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

सापडलं. पाळणा आहे. वर माझं नाव, खाली १९८४. रेघ आता माझ्या अंगठ्याएवढी जाड झाली आहे. पाळण्याचा एक पाय आखूड आहे, बहुधा त्यांचा हात सरकला. मी त्यावर गाल टेकून किती वेळ उभी होते, मला सांगता येणार नाही. सगळे लांब गेले, बटाटेवालासुद्धा.

पण ओसाबा, झाड शेंड्याकडून वाळत चाललंय. सगळी राईच तशी आहे. नवे कोंब जवळपास नाहीतच. झऱ्याचं पाणी उगमापाशीच नळात शिरतं आणि खालच्या कुरणातल्या हौदात जातं. जुना ओहोळ पार कोरडा आहे. पूर्वी तो राईतून खाली तळ्याला मिळायचा म्हणे.

हॉलिसबाईंनी विचारलं की या झऱ्याचे मालक कोण. मी म्हटलं, माझे काका. पाणी जुन्या ओहोळाला सोडता येईल का? राई तगेल आणि तळ्यालाही चार थेंब मिळतील. कुरण खंडाने घेतलेल्या डेल प्रूइटच्या गायींना रस्त्याकडच्या विहिरीचं पाणी आहेच. तो कुरकुरेल, पण तो तर सूर्य उगवला तरी कुरकुरतो. तुम्ही हो म्हणाल अशी मला खात्री आहे.

तुमचीच लाडकी,
एदुर्ने

२९ जून

चि. एदुर्ने हिस आशीर्वाद.

त्या नळाला हात लावायचा नाही.

तुला कारण ठाऊक नाही, हा तुझा दोष नाही. बाबा अपघातात गेले एवढंच तुला सांगितलं होतं, आणि तेही माझ्याच सांगण्यावरून. सत्त्याऐंशी साली पाऊस नव्हता, बर्फ नव्हतं. खालच्या कुरणात मेंढ्या पाण्यावाचून बसलेल्या जागेवरून उठत नव्हत्या. शाबिएर म्हणाला, झरा खाली आणू. उगमाकडून चर खणत तो खाली येत होता, आणि मी गावात नळ आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा चराची भिंत कोसळली होती. मी हातांनी माती उपसली. पुढचं लिहीत नाही.

त्याला पुरल्यावर उरलेला चर मी खणला. नळ घातला. हौदात पहिलं पाणी पडलं तेव्हा मेंढ्या धावत आल्या आणि मी खाली बसून गुरासारखा ओरडलो. तुझ्या बाईंना तो नळ दिसतो. मला तिथे माझा भाऊ दिसतो. त्याने जगात शेवटचं केलेलं काम ते. मी जिवंत आहे तोवर ते बंद पडणार नाही.

हॉलिसबाईंना नमस्कार सांग आणि नकारही सांग. तुझ्यावर राग नाही.

ओसाबा

९ जुलै

ति. ओसाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन हौदापाशी गेले. पाण्यात हात घालून बसले. मला हे आधी कळायला हवं होतं, असं वाटलं, आणि तुम्ही इतकी वर्षं हे एकट्याने वाहिलंत याचं फार वाईट वाटलं. मी पुन्हा विचारणार नाही. हॉलिसबाईंनाही सांगून टाकलंय.

सोबत कापड पाठवते आहे. झाडावर सुती कापड ताणून त्यावर मेण घासलं की ठसा उठतो. पाळणा आहे, आखूड पायासकट. हे तुमच्याकडेच असू द्या. त्या झाडाचं काही खरं नाही. आता पाणी दिलं तरी ते वाचेलच असं नाही, हे बाईंनीही स्पष्ट सांगितलं. ॲस्पेनची राई म्हणजे जमिनीखाली एकच मूळ असतं. ते अजून जिवंत आहे, इतकंच.

रागावणार नसाल तर एकच गोष्ट लिहिते आणि थांबते. चर बाबांनी मेंढ्यांसाठी खणला. त्या मेंढ्या आता नाहीत. पाळणा त्यांनी माझ्यासाठी कोरला, आणि मी आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही सगळे पूर्व काठावर तंबू ठोकून पाखरं मोजणार आहोत, तेव्हा पत्राला उशीर होईल. माया पातळ करू नका.

तुमची
एदुर्ने

२४ जुलै

चि. एदुर्ने हिस, तुझ्या ओसाबाचे अनेक आशीर्वाद.

कापड आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं आणि मग जेवायला जागाच उरली नाही, म्हणून ताट मांडीवर घेऊन जेवत राहिलो. असे बरेच दिवस गेले. शाबिएरला आखूड पाय दुरुस्त करता आला असता, पण त्याला घाई. जन्मभर घाईच होती त्याला.

तुम्ही पूर्व काठावर होतात तेव्हा डेलला म्हटलं, मला वर घेऊन चल. वाटभर तो विहिरीच्या पंपावरून कुरकुरला. मला ऐकू येत नाही याचा असा फायदा आहे.

उगमापाशी नळाच्या तोंडाकडे पाणी वळवणारी फळी आहे, ती शाबिएरने चर कोसळण्याच्या आधी बसवलेली. ती मी उपसली. डेल पुढे येत होता, त्याला दूर केलं. पाणी जरा वेळ तिथेच घोटाळलं. मग जुना ओहोळ त्याला सापडला. आधी वाळूने सगळं पिऊन टाकलं. मी त्याच्या कडेने चालत राहिलो, ते पुढे आणि मी मागे. ते झाडांच्या मुळाशी पोहोचलं तेव्हा मला रडू कोसळलं. डेलने टोपी काढली आणि दुसरीकडे बघत राहिला. तळ्यापर्यंत ते यंदा जाणार नाही. पुढच्या वर्षी बघू.

नळ उकरला नाही. तो मातीत आहे तिथेच राहील. त्याने आपलं काम केलं. शाबिएरने जे माझ्या हाती दिलं ते मी एवढी वर्षं चालू ठेवलं. त्याने तुझ्यासाठी जे ठेवलं होतं ते मात्र बघायलाच गेलो नव्हतो. ते परवा बघितलं. हात लावून बघितलं.

आता एक गोष्ट, ती हॉलिसबाईंना सांगू नकोस. झाडाला सुरी लावायची नाही असा तुमचा नियम असणार. पाळण्याच्या झाडाजवळ एक कोवळं झाड आहे, माझ्या मनगटाएवढं. माझा हात आता थरथरतो, पण टोकाने केसाएवढी रेघ ओढायला तेवढा पुरला. खोल गेलो नाही. तुझ्या बापाचं नाव आहे आणि त्याखाली पाण्याचा ओहोळ. आत्ता जाऊन शोधलंस तर काही दिसणार नाही, उगाच झाडाला हात लावून बघत बसू नकोस.

त्या झाडाला पाणी मिळतंय ना, एवढं बघत जा. तुझे केस पांढरे व्हायला लागले की रेघ नीट वाचता येईल. वाचलीस की मला पत्र टाक. माझा पत्ता तोवर बदललेला असेल. शाबिएरकडे पाठव, आम्ही एकत्रच वाचू.

तुझा
ओसाबा बिशेन्ते