फाटकावरची पाटी

उदगीर,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय आनंदराज,
सप्रेम जयभीम.

फोनवर भांडताना मला रडू येतं अन् तू जिंकतोस, म्हणून लिहून राहिले. नव्या घराचा फोटो मिळाला. घर लई देखणं झालं. पण फाटकावर ‘वतन’ अशी पाटी लावायची अक्कल तुला कुणी दिली?

आपल्या आज्याकडं गावचं वतन होतं. मेलेली ढोरं ओढायची, दवंडी द्यायची, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं, अन् संध्याकाळी दारोदार भाकर मागायची. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आज्यानं ते टाकलं, तेव्हा गावानं त्याचं पाणी तोडलं. तो शब्द तू पितळेत कोरून घेतलास.

पाटी काढ. न्हाईतर मी गृहप्रवेशाला येणार न्हाई.

भाचरांवर जीव आहेच, तुझ्यावर सध्या न्हाई.
तुझी मनिषाआक्का

नांदेड,
११ फेब्रुवारी

आक्कास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचून तुझी भावजय बुद्धप्रिया दोन दिवस माझ्याशी धड बोलली न्हाई. पण तुला एकच अर्थ ठाऊक आहे. शेजारच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींना विचारलं. शब्द अरबी. वतन म्हणजे माणूस राहतो ती जागा. गुरं-मेंढरं बसतात त्या जागेलाही तिकडं हाच शब्द. पुढं त्याचाच मायदेश झाला. आपल्याकडं येऊन तो पाटील-देशमुखांची जमीन झाला, अन् आपल्या वाट्याला राबणूक.

सतरा वर्षं मी फौजेत याच शब्दासाठी बर्फात उभा होतो. तो माझाही आहे. पाटी निघणार न्हाई.

रागातही आठवण ठेव.
आनंद

उदगीर,
१५ फेब्रुवारी

आनंदराज,
जयभीम.

म्हणजे त्या शब्दात ढोरांनासुद्धा बसायला जागा होती, फक्त आज्याला नव्हती. गुरुजी खरं सांगत असतील. पण तो शब्द आपल्या घरात काय करून गेला, ते कोशात न्हाई. तुझ्या फौजेचा मला अभिमान आहे. तरी मी येणार न्हाई.

मनिषा

नांदेड,
२६ फेब्रुवारी

आक्कास,
सविनय जयभीम.

काल कंधारहून आपले व्यंकटीकाका आले, पोरवयात आज्यासंगं वतनाची कामं केलेले. शहाऐंशी वर्षांचं माणूस, एकटे बसनं आले. बराच वेळ फाटकाबाहेर उभे होते. अक्षर अक्षर लावून त्यांनी पाटी वाचली असणार. बुद्धप्रिया बाहेर गेली, तर चपला रस्त्यावर काढून, भर उन्हात अनवाणी, हात जोडून म्हणाले, “मालक हाईत का?”

मी धावत गेलो. म्हणालो, “काका, मी आनंद. घर आपलंच हाय.” ते माझ्याकडं बघायचे, पुन्हा पाटीकडं. आत पाऊल टाकेनात. गुरुजींनी सांगितलेले अर्थ मला पाठ होते, आक्का. एकही कामाला आला न्हाई.

त्यांच्यासमोरच पाटी उतरवली. मग त्यांच्या चपला उचलल्या, हात धरला, अन् घरात नेलं. दिवसभर मला माझाच राग येत होता. थोडा तुझाही, कारण तू बरोबर निघालीस.

घराला सध्या नाव न्हाई. काका अजून इथंच आहेत. ये, अन् समोर बसून बोल मला.

तुझ्या शिव्यांचा हक्कदार,
आनंद