पाठमोरीला नाव नव्हतं

सिंदी मेघे, वर्धा
१४ जुलै

प्रिय समीक्षा,

फोन करता आला असता. पण फोनवर तू 'बरं, जाऊ दे' म्हणाली असतीस आणि मीही जाऊ दिलं असतं. म्हणून पत्र. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. चालवून घे.

आपली पाठमोरी आठवते ना? आपल्या फोटोत मागे एक बाई पाठ करून उभी असते, आणि फोटो काढताना तिथे कुणीच नसतं. आपण कॉलेजात असताना कुणा अनोळखी माणसानं नेटवर एवढ्याच दोन ओळी टाकल्या होत्या. मग नागपूर, अकोला, बेळगाव, कुठून कुठून लोक भर घालत गेले. कुणी तिच्या हातात पिशवी दिली, कुणी तिला बसची वाट पाहायला लावलं. नियम एकच, खाली आपलं नाव टाकायचं नाही. जो टाकेल त्याच्या घरच्या फोटोत ती येणार. आपण दोघी शिकल्यासवरलेल्या, तरी तो नियम सोवळ्यासारखा पाळला.

बाकीचे लिहायचे, मी काढायचे. पहिल्या चित्राला बाई सापडेना, तेव्हा तूच मला पवनारला नेलंस. तुझी आई थांब्यावर वर्ध्याच्या बसची वाट पाहत होती. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन, डावा खांदा उतरलेला. मी मागे बसून काढलं. कळल्यावर काकू म्हणाल्या, "काऊन वं ईरा, माह्या तोंडाले का काटे हायेत? पाठच काढून राह्यली." पुढच्या नऊ वर्षांत माझ्या पेजवर एकशे चाळीस चित्रं झाली आणि सगळ्यांत तोच खांदा. काकू गेल्यावरही. तू एकदा म्हणालीस, घरात आईचे फोटो आहेत, पण आई दिसते ती तुझ्या पेजवरच. ते वाक्य मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मार्चमध्ये मुंबईच्या एका कंपनीनं पाठमोरीवर मालिका आणली आणि ती बाईच स्वतःच्या मालकीची म्हणून नोंदवून टाकली. मग त्यांच्या तक्रारींवरून पेजवरची माझी चित्रं उडायला लागली. पहिल्या दोन तक्रारींतच शंभरेक गेली. मी भांडले गं. पण अर्जात रकाना होता, मूळ निर्माता कोण. काय लिहिणार? नाव न घालणं हेच तर आपलं शहाणपण. जुन्या मंडळींना विचारलं, तर अकोल्याचा भूपेंद्र म्हणाला, "मले तं वाटे तुमीच सुरू केलं." प्रत्येकाला ती दुसऱ्याच कुणाची वाटत होती. आणि ज्यांनी बेधडक आपलं नाव टाकलं, त्यांच्या घरी ती अजून गेलेली नाही. हसू नकोस, मी त्यांचे समारंभाचे फोटो शोधून शोधून पाहिले.

तिसरी तक्रार आली की पेज कायमचं बंद. शाळेनं नोकरीवरून काढल्यापासून माझे चित्रकलेचे वर्ग त्याच पेजवर चालतात, साठ मुलं आहेत. दुसरं काही मला येत नाही, तुला माहीत आहे.

गेल्या सोमवारी मी त्यांनी पाठवलेल्या कागदावर सही केली. त्यात लिहिलंय की ही बाई मी त्यांच्या मालिकेवरून उचलली आणि माझ्याजवळच्या सगळ्या प्रती नष्ट केल्या. नऊ वर्षांपूर्वी काढलेली बाई, यंदाच्या मालिकेवरून. पेज वाचलं. चित्रं परत आली नाहीत, येणारही नाहीत. तुझी आई त्यांची आहे असं मी लिहून दिलं, समीक्षा, आणि हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणायला तोंड नाही. सोबत ते थांब्यावरचं पहिलं चित्र आहे. कागदोपत्री मी ते फाडलंय. खरंच फाडायला घेतलं होतं, माझ्याच्यानं झालं नाही. आता तू ठेव, नाहीतर तूच फाड. मागे, आपला नियम मोडून, पेन्सिलीनं काकूंचं नाव घातलंय. अनुसयाबाई.

तुझीच,
ईरा