सुका वेगळा, ओला वेगळा

४ मार्च, सोमवार

आज एकही लाल स्टिकर नाही! अख्खी गल्ली हिरवी.

याच गल्लीत सुरुवातीला माझ्या तोंडावर दारं आपटली होती. "कचरा तो कचरा, त्यात ओला काय नि सुका काय?" आता तिथेच दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घातलेल्या असतात. मी नगरपालिकेची कंत्राटी बाई. रोज घरोघरी डबे उघडून बघायचे. नीट वेगळं केलं असेल तर हिरवा स्टिकर, नसेल तर लाल. कंत्राट महिनाअखेर संपतंय. साहेब म्हणाले होते, एक गल्ली पूर्ण हिरवी करून दाखव, पुढच्या वर्षाची सही करतो.

दाखवली!

घरी मात्र सासूबाईंनी केळ्याची सालं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली एकाच डब्यात कोंबली. मी बघत राहिले. म्हणाल्या, "मला काय स्टिकर लावतेस?"

६ मार्च, बुधवार

विशेष काही नाही. एका घरी सुक्यात अंड्याची टरफलं निघाली. लाल लावला नाही, नुसतं बघितलं घरच्या बाईकडे. तिनं जीभ चावली.

हेडबाईंशी दोन शब्द. कोपऱ्यावरच्या घरातल्या या निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीत पहिला डबा यांनीच वेगळा केला. त्यांना मी तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं होतं — तुम्ही इथे वेगळं करा, पुढे ते वेगळंच राहील, ही जबाबदारी माझी.

९ मार्च, शनिवार

हेडबाईंचं कानातलं यंत्र कचऱ्यात गेलं. कागदी रुमालात गुंडाळून टेबलावर ठेवलं होतं. सुनेला वाटलं नाक पुसलेला बोळा, तिनं सुक्याच्या डब्यात टाकला. गाडी निघून गेलेली. सून रडकुंडीला. हेडबाईंना काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे घरात त्याच काय त्या शांत.

मी म्हटलं, "रडताय काय? सुका वेगळा जातो, वेगळा उतरतो. ही गेले नि ही आले!"

आले खरी. पण काय लिहू?

डेपोवर मी आजवर गेलेच नव्हते. माझं काम गाडी वळणाआड जाईपर्यंत. गाडीत मधे पत्रा आहे — एका बाजूला ओला, एका बाजूला सुका. तिथे जाऊन मागचं झाकण उघडलं की दोन्ही धबाधबा एकाच खड्ड्यात. ड्रायव्हरला विचारलं, सुका कुठे उतरवता? त्याला प्रश्नच कळेना. "इथंच की, मॅडम. शेड कुठंय?" सुक्यासाठीच्या शेडचे नुसते खांब आहेत. छप्पर नाही. खांबांना दोरी बांधून त्यानं आपला शर्ट वाळत घातला होता.

काठीनं बराच वेळ उकरलं. यंत्र नाही मिळालं. भाजीच्या चिखलात एक दुधाची पिशवी मिळाली. धुतलेली. कोपरा पूर्ण न तोडता, लोंबता ठेवून कापलेली — तुकडा हरवू नये म्हणून मीच तसं शिकवलंय.

परत येऊन सुनेला सांगितलं, नाही सापडलं. एवढंच. तिनं मान डोलावली. काही विचारलं नाही.

११ मार्च, सोमवार

साहेबांकडे गेले.

"शेड होईल हो. लोकांना आधी सवय तर लागू दे."

"पण साहेब, सगळं एकत्रच—"

"तू गाडीपर्यंतचं बघ. पुढचं बघायला माणसं आहेत." मग जरा थांबून, "आणि हे बाहेर बोललीस तर सहीचं मला काही करता यायचं नाही. कळतंय ना?"

कळलं. चहा पाजला. चहा चांगला होता.

१२ मार्च, मंगळवार

हिरवे स्टिकर लावले. डबे नीटच होते. लावले नि आले.

१३ मार्च, बुधवार

लावले.

१४ मार्च, गुरुवार

पिशव्या वाळत घालणारी ती चिमटेवाली आज दारातच बसून तुपाची प्लास्टिकची बरणी साबणानं घासत होती. मला बघून उंच धरली — "बघा हो, आरशासारखी केली!" मी म्हटलं, छान.

घरी जेवताना सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "नोकरी आहे ती. महिनाअखेरपर्यंत गप्प बस ना, तुझ्या बापाचं काय जातंय?" त्याचं बरोबरच आहे. तरी राग आला त्याचा. आणि लाज वाटली — माझी.

१६ मार्च, शनिवार

ठरवलं, सांगून टाकायचं. सगळ्या गल्लीला नाही. फक्त हेडबाईंना, हळूच, त्यांच्या पायरीवर बसून. पुढे काय करायचं ते त्या ठरवतील.

नवीन यंत्र अजून आलेलं नाही, हे साफ विसरले!

"बाई, सुका कचरा एकत्रच जातो."

"कोण जातो?"

"कचरा! एकत्र जातो!"

"कुठे जातो?"

शेवटी ओरडलेच — "सगळं एकाच खड्ड्यात ओततात हो! मी तुम्हाला दिलेला शब्द खोटा निघाला!"

गल्ली एकदम चिडीचूप. खिडक्यांत माणसं. चिमटेवाली दोरीकडे हात वर करून तशीच उभी. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हेडबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं." मी चपला सरकवल्या आणि निघाले.

घरी सांगितलं, नोकरी गेली समजा. सासूबाई म्हणाल्या, "आधी जेवून घे."

१७ मार्च, रविवार

सकाळी दार वाजलं. अख्खी गल्ली दारात, पुढे हेडबाई. माझ्या तोंडात ब्रश.

हेडबाई म्हणाल्या, "आम्हाला केव्हापासून ठाऊक आहे गं. शेजारचे आजोबा रोज त्या डेपोकडेच फिरायला जातात. तक्रार केली असती तर साहेबांनी आधी तुलाच घरी बसवलं असतं. आता तूच बोललीस, तर उद्या साहेबांकडे आम्ही सगळे येतो तुझ्याबरोबर."

"त्या दिवशी मला डेपोवर जाऊ कसं दिलंत मग?"

सून म्हणाली, "इतक्या ऐटीत निघालात. अडवणार कसं?"

"आणि पिशव्या? पिशव्या कशाला धूत होता इतके दिवस?" हे मी हेडबाईंच्या कानाशी जाऊन, ओरडून विचारलं.

"अगं, तुझी सही व्हायची होती ना."